डॅनी बॉईलला नोलनएवढा भाव का मिळत नाही?

रात्रपाळी: ग्रुपवर परत तेच, नोलन नोलन नोलन. ठीके, भारी डायरेक्टर आहे तो, पण त्याच इंग्लंडचा डायरेक्टर डॅनी बॉईल कुणाच्या तोंडात का नाही राव? १९९६ ला ट्रेनस्पॉटिंग, मग ट्वेंटी एट डेज लेटरमधले पळणारे झोंबी (झोंबी नाही, व्हायरसने इन्फेक्टेड माणसं, माहितीये), मुंबईत येऊन स्लमडॉग मिलेनिअरला ८ ऑस्कर, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या ओपनिंगला तर राणीला जेम्स बॉन्डसोबत हेलिकॉप्टरमधून उडी मारायला लावली (डुप्लिकेट होता पण तरी), आणि एवढं करून आपल्याकडे ओळख काय तर 'तो स्लमडॉगवाला'. माझ्या मते हा दरवेळी दुकान बदलतो म्हणून गिऱ्हाईक टिकत नाही.

टाईमपास८४: आणि निम्म्या दुकानांत माल खराब निघतो त्याचं काय? द बीचमध्ये डिकॅप्रिओ होता, थायलंडचा तो भारी किनारा होता, तरी पिक्चर रटाळ. ॲपलवाल्या स्टीव्ह जॉब्सवरचा त्याच नावाचा पिक्चर थेटरात आपटला. नोलनचं तिकीट काढताना पैसे वसूल होणार ही खात्री तरी असते.

रात्रपाळी: स्टीव्ह जॉब्स बघितलायस का पण? कॉम्प्युटरचे ३ लाँच, १९८४, १९८८, १९९८, आणि तिन्ही वेगवेगळे शूट केलेत, पहिला १६ एमएम फिल्मवर, दुसरा ३५ एमएम फिल्मवर, तिसरा डिजिटल. नोलनने फिल्मवर शूट केलं की बातमी होते, याने केलं तर कुणाला पत्ता पण नाही.

केतकी_के: माझं भांडण स्लमडॉगशीच आहे. संडासाच्या खड्ड्यात उडी मारून अमिताभची सही घ्यायला धावणारं पोर बघून तिकडे टाळ्या, आणि लहानपणी झकास हिंदी बोलणारी पोरं मोठी झाल्यावर अचानक इंग्लिश कशी झाडायला लागतात? लंडनला वाढलेला देव पटेल कॉल सेंटरचा चहावाला म्हणून पचतच नाही.

बंड्या: इंग्लिशचं मान्य. पण पिक्चर दिसतो कसा ते बघा ना. धारावीच्या गल्लीत मोठा कॅमेरा घेऊन गेलं की ५ मिनिटांत बघ्यांची जत्रा, म्हणून कॅमेरामन अँथनी डॉड मँटलने हातात मावेल असा डिजिटल कॅमेरा घेतला, त्याचा कॉम्प्युटर पाठीवरच्या बॅगेत, आणि पोरांच्या मागे पळत सुटला. त्यालाच सिनेमॅटोग्राफीचं ऑस्कर. ट्वेंटी एट डेजमधलं रिकामं लंडन पण तसंच, पहाटे थोडा वेळ ट्रॅफिक थांबवायचं आणि साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर पटकन उरकायचं. २०२५ चा ट्वेंटी एट इयर्स लेटर तर बराचसा आयफोनवर.

केतकी_के: कॅमेरा भारी, नजर बाहेरचीच. आणि २०२५ मध्ये खुद्द बॉईलच म्हणाला की असा पिक्चर आज करता येणार नाही आणि ते बरोबरच आहे. त्याला पटलंय, तुम्ही कशाला वकिली करताय?

बंड्या: असं उघड बोलतो म्हणूनच आवडतो. 'सर' ही पदवी पण नाकारली त्याने. नोलन झाला सर.

टाईमपास८४: पदवी सोड, बॉन्डचा पिक्चर हातात आलेला! २०१८ ला क्रिएटिव्ह डिफरन्सेस म्हणत बाहेर पडला. पॉप्युलर व्हायचंच नसेल तर आपण काय करणार? असो, ट्रेनस्पॉटिंग सबटायटलसकट कुठे मिळेल ते सांगा, ते स्कॉटिश बोलणं आपल्या बापाला नाही कळायचं.