मातीतले यीस्ट मेंदूपर्यंत का पोहोचते?

जिज्ञासू यांचा प्रश्न

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हे यीस्ट मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत वाढते, त्याला माणसाची गरज नसते आणि एका रुग्णाकडून ते सहसा दुसऱ्याला लागतही नाही. मग माणसाच्या शरीरात शिरून ज्याला काहीच साधायचे नाही, त्या जीवाकडे फुफ्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत मजल मारण्याची ताकद आली कुठून? कबुतरे पाळणाऱ्यांनी कितपत काळजी करावी, हेही जाणकारांनी सांगावे.

मृद्गंध

मातीतही या यीस्टला शत्रू आहेतच. अमिबा समोर येणारे सूक्ष्मजीव गिळून पचवतो, आणि आपल्या फुफ्फुसातील मॅक्रोफेज पेशीही जवळजवळ तेच करतात. त्यामुळे अमिबापासून वाचण्यासाठी घडलेली साधने मानवी शरीरातही उपयोगी पडतात, असे अनेक संशोधक मानतात. पॉलिसॅकराइडचे (साखरेच्या लांब साखळ्यांचे) जाड कवच गिळले जाण्यास अडथळा आणते. त्याचे मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य मातीवर अतिनील किरणांपासून आणि शरीरात मॅक्रोफेजच्या मारक रसायनांपासून वाचवते. त्यात भर म्हणजे बहुतेक बुरशींना न मानवणाऱ्या 37 अंश सेल्सिअस तापमानातही हे यीस्ट वाढते. गिळले गेले तरी ते मॅक्रोफेजमध्ये जिवंत राहू शकते, आणि मेंदूत शिरण्याचा त्याचा एक मार्ग याच पेशींतून जातो. मेलॅनिन तयार करण्यासाठी त्याला मेंदूत असणारे डोपामिनसारखे पदार्थ वापरता येतात, म्हणून त्याला मेंदूची ओढ असावी, असाही एक तर्क मांडला जातो. मला तो एकटा पुरेसा वाटत नाही.

पक्षीमित्र

चेस्टर एमन्स यांनी हे यीस्ट 1951 मध्ये मातीतून आणि 1955 मध्ये कबुतरांच्या विष्ठेतून वेगळे केले. कबुतराच्या शरीराचे तापमान 41 अंशांच्या आसपास, म्हणजे या यीस्टला फारसे न मानवणारे असल्याने तो पक्षी स्वतः क्वचितच आजारी पडतो. विष्ठा कोरडी झाडू नये, आधी ओली करावी आणि मास्क लावावा. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

सूक्ष्मदर्शी

वरील सल्ला योग्यच आहे, मात्र धोका फक्त क्षीण प्रतिकारशक्तीच्या लोकांनाच असतो, असा समज त्यातून होऊ नये. क्रिप्टोकॉकस गॅटी ही जवळची प्रजाती ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडांशी जोडलेली आढळली, आणि कॅनडातील व्हँकुव्हर बेटावर 1999 पासून तिने धडधाकट माणसांनाही गाठले.

निओफॉर्मन्सचे बहुतेक गंभीर रुग्ण मात्र एचआयव्हीबाधित असतात, विशेषतः ज्यांच्या सीडी4 पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर घनमिलिमीटरमागे 100 च्या खाली गेल्या आहेत असे. अनेक आठवडे वाढत जाणारी डोकेदुखी हे मुख्य लक्षण असल्याने निदान लांबते. वास्तविक या यीस्टचे प्रतिजन, म्हणजे चाचणीत ओळखता येणारा त्याचा अंश, लक्षणांच्या कित्येक आठवडे आधीच रक्तात सापडू शकते, म्हणून अशा रुग्णांची तपासणी लक्षणांची वाट न पाहता करावी. जागतिक आरोग्य संघटना 2022 पासून लिपोसोमल अँफोटेरिसिन बी या बुरशीरोधक औषधाचा, शरीराच्या दर किलो वजनामागे 10 मिलिग्रॅम असा एकच डोस देऊन सोबत 14 दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनाझोल देण्याची शिफारस करते. डोक्यातील वाढलेला दाब उतरवण्यासाठी पाठीतून वारंवार पाणी काढावे लागते, आणि नातेवाईक नेमके तिथेच घाबरून नकार देतात. एचआयव्हीवरील औषधेही लगेच सुरू न करता चार ते सहा आठवडे थांबावे लागते, कारण प्रतिकारशक्ती एकदम जागी झाल्यास मेंदूतील दाह जिवावर बेतू शकतो.

जिज्ञासू

अमिबाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आभारी आहे.