नाशिकचा सोसायटी ग्रुप : किचनवाल्यांची ‘आज रात्री बारापर्यंत’ची ऑफर

सी-६०४ : नमस्कार मंडळी. आमचा ओटा बिल्डरने दिलेलाच आहे, आता मॉड्युलर किचन करायचं चाललंय. आज दुपारी कॉलेज रोडच्या एका शोरूमला गेलो होतो. आधी सांगितले ४ लाख ८० हजार. मग मॅनेजर आले, ‘सिंहस्थ ऑफर’ म्हणाले आणि थेट ३ लाख १० हजार! पण २५ हजार टोकन आज रात्री बारापर्यंत भरलं तरच, नाहीतर उद्या परत ४.८०. आमचे हे म्हणतात भरून टाकू. मला काही पटत नाहीये. कुणी घेतलंय का? जरा लवकर सांगा, सारखा फोन येतोय त्यांचा.

ए-१०२ : पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? माझ्या गाडीमागे लावली आहे. काढा.

बी-३०१ काका : टोकन भरू नकोस. मी अंबडला कंपनीच्या पर्चेसमध्ये नोकरी काढली. एका दुपारीत १ लाख ७० हजार खाली येतात म्हणजे ४.८० ही किंमत कधी नव्हतीच.

सी-६०४ : पण काका, ३.१० तरी स्वस्तच वाटतंय.

बी-३०१ काका : कशाच्या मानाने? त्यांच्याच ४.८० च्या मानाने ना? दुसऱ्या कुणाचा भाव घेतलास का?

सी-६०४ : नाही अजून. तिथे दुपार गेली सगळी 😞

ए-५०३ : वहिनी, आमच्याकडेही सेम टू सेम. आधी कोल्ड कॉफी. मग मोठ्या टीव्हीवर थ्रीडी, त्यात आपल्याच खिडकीतून कुठला तरी डोंगर दिसतो. मग ‘वहिनींना आवडलंय, दादा, आता तुमच्यावर आहे.’ आणि शेवटी ‘एक मिनिट, सरांना विचारून येतो.’ काचेच्या केबिनमध्ये सर आणि तो मोबाइलवर क्रिकेट बघत होते. बाहेर येऊन म्हणतो, ‘सर ऐकतच नव्हते, मी भांडलो तुमच्यासाठी.’

सी-१०१ ताई : 😂😂

डी-२०२ : सगळ्याच शोरूमना नावं ठेवू नका. आम्ही ब्रँडेडच घेतलं, तेही दसऱ्याच्या ऑफरमध्ये. एकदा ट्रॉली अडकायला लागली तर माणूस येऊन फुकट बदलून गेला. सुताराकडून करून घेणाऱ्या आमच्या भावाने दोन महिने धूळ खाल्ली आणि सुतार मध्येच गावाला गेला.

बी-३०१ काका : ब्रँडेडला माझा विरोध नाही. तुम्ही ठरवायला किती वेळ घेतला होता?

डी-२०२ : ते खरं. तीन-चार ठिकाणी फिरलो होतो.

बी-३०१ काका : ६०४, कोटेशनचा फोटो टाक.

सी-६०४ : कागद दिलाच नाही. बुकिंगशिवाय ड्रॉइंग आणि कोटेशन बाहेर द्यायचं नाही, कंपनी पॉलिसी म्हणे. मी लपून लिहून घेतलं : ‘एल शेप किचन, वॉटरप्रूफ प्लाय, प्रीमियम फिनिश, सॉफ्ट क्लोज, अॅक्सेसरीज, ३,१०,०००. जीएसटी वेगळा.’

बी-३०१ काका : एवढंच? बरं, आता वाच नीट.

जीएसटी १८ टक्के. म्हणजे ५५,८०० वर. तुझे ३.१० इथेच ३,६५,८०० झाले. ग्रॅनाइट, सिंक, नळ, चिमणी, शेगडी, जुना ओटा तोडणं, प्लंबिंग, लाइटचे पॉइंट यातलं काय धरलंय ते कुठे लिहिलंय?

‘वॉटरप्रूफ प्लाय’ असा ग्रेड नसतो. आयएस हा सरकारी मानकाचा नंबर. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. आयएस ३०३ म्हणजे साधा प्लाय, बाजारात तो बीडब्ल्यूआर (उकळतं पाणीही सोसणारा) आणि एमआर अशा नावांनी मिळतो. एमआर फक्त दमटपणा सोसतो, पाणी नाही. सिंकखालच्या कपाटात तो घातला की फुगतो. पार्टिकल बोर्ड तर त्याहून आधी. आणि एचडीएचएमआर हा प्लायच नाही, तो फायबर बोर्ड. वाईट असतो असं नाही, पण प्लाय सांगून तो द्यायचा नाही. डबे, म्हणजे कपाटांचे सांगाडे, कारखान्यातून कापून, लॅमिनेट लावून येतात, तेव्हा प्लायवरचा ग्रेडचा शिक्का दिसत नाही. म्हणून ग्रेड बिलावरच लिहून घ्यायचा.

‘प्रीमियम फिनिश’ म्हणजे काय? लॅमिनेट, मेंब्रेन, अॅक्रिलिक की पीयू? भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या हेटिचच्या, एबकोच्या, ब्लमच्या की बिननावाच्या? ड्रॉवर किती आणि ते ज्यावर सरकतात ते चॅनेल किती किलो पेलणारं? पिठाचे डबे, कुकर, पुरणयंत्र सगळं त्यातच जाणार ना?

ए-५०३ : काका, स्क्वेअर फुटाचा पण घोळ असतो ना?

बी-३०१ काका : असतो तर. कुणी समोरच्या दारांचं माप धरतो, कुणी डब्याच्या सगळ्या बाजूंचं. सुतार रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर बोलतो. तिघांचे दर शेजारी ठेवून काही कळत नाही. प्रत्येक डब्याचं माप, आतलं मटेरियल, बाहेरचं फिनिश, हार्डवेअर आणि त्याची किंमत अशी यादी मागायची. तीच यादी तीन ठिकाणी दे, मग तुलना होईल. मुळात मापं घ्यायला कुणी आलं होतं का?

सी-६०४ : नाही. यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला आणि साधारण दहा बाय आठ सांगितलं.

बी-३०१ काका : मग ३.१० आलं कुठून!

सी-६०४ दादा : नमस्कार काका, मी यांचे ‘हे’ 🙏 मॅनेजर म्हणत होते की २०२७ च्या सिंहस्थामुळे सगळे कारागीर सरकारी कामांवर जाणार, रस्ते बंद होणार, नंतर मटेरियल आणि माणसं दोन्ही मिळणार नाहीत. ते तर खरं वाटतं.

डी-२०२ : माल कारखान्यात कापून तयार होतो. बसवायला आमच्याकडे दोन माणसं आली होती. त्यांचा रामकुंडाशी काय संबंध? पर्वणीच्या दिवसांत टेम्पोला अडचण येईल, मान्य. पण ते दिवस टाळता येतात.

ए-५०३ : आमच्या वेळी ‘लोखंड महागणार’ होतं. प्रत्येकाचं काहीतरी महागतच असतं.

सी-६०४ दादा : आणि नो कॉस्ट ईएमआय पण देतायत.

बी-३०१ काका : रोखीने किती कमी करता, हे आधी विचार. तो आकडा आणि ईएमआयची बेरीज यातला फरक म्हणजे व्याज. वर प्रोसेसिंग फी, त्यावर परत जीएसटी.

सी-६०४ : टोकन भरलं आणि नंतर नको झालं तर मिळतं का परत? ‘रिफंडेबल आहे’ म्हणाला तोंडी.

सी-१०१ ताई : तोंडी म्हणाला याला फार अर्थ नाही. दुकानात जाऊन आपण होऊन केलेलं बुकिंग नंतर मन बदललं म्हणून रद्द करायचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. फॉर्मवर मागे बारीक अक्षरात ‘नॉन-रिफंडेबल’ असतं आणि त्यावर आपलीच सही असते.

तरी अगदी निराधार नाही आपण. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये, कराराच्या भंगाबद्दल नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणं हे अन्याय्य करारात मोडतं. मात्र ती तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. माल सदोष निघाला, कबूल केलेलं दिलं नाही, तर जिल्हा आयोग. तिथे ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आपण राहतो तिथेच दाखल करता येते, कंपनी कुठलीही असो. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून बघायचं, पुष्कळदा तेवढ्यानेच फोन येतो.

पण हे सगळं कागद असेल तर. ‘बिल नको, १८ टक्के वाचवा’ म्हणाले तर उठून यायचं. बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित प्रथाच आहे.

सी-६०४ : ताई, परत फोन येतोय. काय सांगू? मी म्हटलं सासूबाईंना विचारते, तर म्हणतो त्यांनाही व्हिडिओ कॉलवर घ्या!

बी-३०१ काका : कारणं सांगूच नकोस. पैसे नाहीत म्हटलं की ईएमआय काढतो, वेळ नाही म्हटलं की घरी येतो. प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे उत्तर तयार असतं, तेच तर त्यांना शिकवलेलं असतं. ‘डब्यांच्या यादीसह कोटेशन मेल करा, पुढच्या आठवड्यात कळवते’ आणि फोन ठेव. परत आला तर तेच वाक्य.

सी-१०१ ताई : आणि त्या पोराशी चिडून बोलू नकोस गं. त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं.

बी-५०४ मावशी : मी एक बोलू का? ओट्याची उंची कुणी विचारली का तुला? मॉड्युलरवाले ठरावीक उंचीचाच लावतात. आमच्याकडे पोळ्या लाटताना माझे खांदे भरून येतात. जी रोज लाटते तिला उभी करून माप घ्यावं. शिवाय ते कोपऱ्यातलं फिरतं जाळीचं घेऊ नकोस. महाग पडतं आणि मोठी पातेली त्यात मावत नाहीत.

डी-२०२ : मावशी 💯 बाटल्यांचं पुलआउट पण. आमच्यात आता प्लास्टिकच्या पिशव्या आहेत.

ए-५०३ : एमएनजीएलची (पाइप गॅसची) लाइन असेल तर मीटर आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचेल असं ठेवायला सांगा. आमच्याकडे तो डब्यामागे गेला होता, नंतर मागची फळी कापावी लागली.

सी-६०४ : भरलं नाही टोकन. काकांचं वाक्य सांगितलं. त्याने फोन मॅनेजरला दिला, त्यांनाही तेच सांगितलं.

सी-६०४ : आत्ता मॅनेजरचा मेसेज : ‘मॅडम तुमच्यासाठी हेड ऑफिसमधून स्पेशल अप्रूव्हल घेतलं. रविवारपर्यंत रेट होल्ड. प्लस चिमणी फ्री.’

ए-५०३ : 😂 बारा वाजायला अजून तास आहे!

बी-३०१ काका : चिमणीचं मॉडेल आणि यादी दोन्ही माग.

सी-६०४ दादा : मागितलं. यादी मंगळवारी देतो म्हणाले. तोवर सातपूरच्या एका वर्कशॉपवाल्याला मापं घ्यायला बोलावतोय. आणखी कुणाचा चांगला अनुभव असेल तर नंबर मला पर्सनलवर द्या, ग्रुपवर नको.

सेक्रेटरी : काम निघेल तेव्हा आधी ऑफिसला अर्ज द्यावा. दुपारी २ ते ४ ड्रिलिंग बंद. जुन्या ओट्याचा राडारोडा पार्किंगमध्ये टाकू नये, लिफ्टने माल नेताना मॅट लावावी.

सी-६०४ : हो नक्की. काका, शनिवारी टेप घेऊन येता का?

बी-३०१ काका : सकाळी येतो. दुपारी मीही २ ते ४ बंद असतो.