मदत हवी आहे: आधी विवाह नोंदणी की आधी चर्च?

सप्रेम नमस्कार. इंदूरमधील माझ्या भाचीचे लग्न एका हिंदू मराठी मुलाशी ठरले असून दोघेही आपापला धर्म कायम ठेवणार आहेत. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चर्चमधील लग्न कायदेशीर ठरते. मात्र मुलाकडच्यांना 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली, 30 दिवसांची नोटीस फलकावर लावून, नोंदणी हवी आहे. पाळकसाहेबांचे म्हणणे असे, की विवाह देवासमोर होतो, सरकारने केवळ त्याची नोंद ठेवावी. मला ते पटते, पण विशेष विवाहानंतर वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो, हेही डावलता येत नाही. आधी नोंदणी करून चर्चमध्ये फक्त आशीर्वादाची उपासना ठेवली, तर पाळक रजिस्टरमध्ये सह्या घेतात का? मध्य प्रदेशात असे लग्न केलेल्यांनी कृपया कळवावे.