आपोआप जाणाऱ्या ईमेलमध्ये फॉर्ममधील निवडकच रकाने कसे दाखवावेत? (वर्डप्रेस, कॉन्टॅक्ट फॉर्म ७)

वाचनालय_कार्यवाह

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या बालशिबिराची नावनोंदणी आम्ही कॉन्टॅक्ट फॉर्म ७ (वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर फॉर्म बनवण्याचे प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर) वापरून घेतो. फॉर्म भरला की एक ईमेल सहा स्वयंसेवकांना आणि एक पोच पालकांना जाते. गेल्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की, एका मुलीच्या फिट्सच्या औषधांची माहिती सहाही जणांच्या इनबॉक्समध्ये गेली आहे. पालकांनी ती विश्वासाने लिहिली होती, त्यामुळे मला फार वाईट वाटले. स्वयंसेवकांना फक्त मुलाचे नाव, वय आणि पालकांचा मोबाइल क्रमांक दिसावा, यासाठी काय करावे? औषधांचा रकाना फॉर्ममधून काढता येणार नाही, कारण शिबिरात ती माहिती लागतेच. शिवाय पालकांनी रिकाम्या सोडलेल्या रकान्यांची नुसती नावे ईमेलमध्ये उमटतात, तीही नको आहेत.

संकेतस्थळ_सांभाळणारा

या प्लगइनमध्ये फॉर्म आणि ईमेल यांचे मसुदे वेगवेगळे असतात, त्यामुळे एकातील बदलाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही. फॉर्मच्या संपादनात ‘मेल’ टॅब उघडा. मजकुराच्या चौकटीत चौकोनी कंसांत लिहिलेले मेल-टॅग (ज्यांच्या जागी त्या त्या रकान्यात भरलेला मजकूर येतो ते शब्द) दिसतील; ज्या रकान्याचा टॅग तेथे आहे, तेवढाच रकाना ईमेलमध्ये जातो. औषधांची ओळ तेथून पुसून टाका. टॅबच्या वरच्या बाजूला सर्व टॅगांची यादी असते आणि मसुद्यात न वापरलेले टॅग तीत ठळक अक्षरांत दिसतात, म्हणून काय वगळले आहे हे एका नजरेत तपासता येते. पालकांची पोच त्याच टॅबमध्ये खाली ‘मेल (२)’ मध्ये असते. तिचा मसुदा स्वतंत्रपणे बदलावा लागेल.

रिकाम्या ओळींसाठी चौकटीखालील, रिकाम्या टॅगांच्या ओळी वगळण्याचा पर्याय दोन्ही मसुद्यांत निवडा. मात्र हा नियम ओळीपुरताच चालतो: ‘ॲलर्जी :’ एका ओळीवर आणि टॅग पुढच्या ओळीवर असेल, तर टॅगची ओळ वगळली जाते आणि नाव मागे राहते.

जुनी_सदस्या

वरील उत्तर बरोबर आहे, पण ओळ पुसण्याआधी एक गोष्ट अवश्य करा. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ भरलेली माहिती स्वतः कोठेही साठवत नाही. ईमेलमधून वगळलेला रकाना म्हणजे कायमची गेलेली माहिती, आणि ती औषधांची असेल तर शिबिराच्या दिवशी मुलाच्या जिवाशी गाठ आहे. त्याच निर्मात्याचे फ्लेमिंगो हे प्लगइन आधी बसवा. त्यानंतर आलेली प्रत्येक नोंद सर्व रकान्यांसह वर्डप्रेसमध्ये राहते आणि लॉग-इन करून पाहता येते. शिबिरप्रमुखांनी ती तेथेच पाहावी.

पालकांच्या पोचेतूनही औषधांचा उल्लेख काढावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. ईमेलच्या पत्त्यातील एक अक्षर चुकले, तरी ती पोच परक्या माणसाकडे जाऊ शकते. आधी गेलेले ईमेल मात्र कोणत्याही सेटिंगने परत येणार नाहीत. ते इनबॉक्समधून आणि ट्रॅशमधूनही काढून टाकण्याची विनंती सहाही जणांना करा, आणि त्या मुलीच्या पालकांना आपण होऊन कळवा.

वाचनालय_कार्यवाह

दोघांचेही मनापासून आभार. फ्लेमिंगो बसवून दोन्ही मसुदे बदलले आणि काल्पनिक नावाने फॉर्म भरून पाहिला. स्वयंसेवकांच्या ईमेलमध्ये तीनच ओळी आल्या आणि औषधांची नोंद फ्लेमिंगोत व्यवस्थित सापडली. पोचेत ‘शाळेचे नाव :’ ही ओळ मात्र राहिली होती. टॅग खरोखरच पुढच्या ओळीवर होता. मुलीच्या आईशी आज सकाळी फोनवर बोललो.