मदत हवी आहे: स्ट्रूपच्या प्रयोगात तोंडी उत्तराऐवजी बोट ठेवायला सांगितलं की निकाल उलटतो, असं का?

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी स्ट्रूपचा प्रयोग घेतेय. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, आणि सांगायचा शाईचा रंग, तोच तो. स्ट्रूपच्या १९३५च्या निबंधात १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले, विसंगत शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०. शब्दच वाचायचे असतील तेव्हा मात्र चुकीच्या शाईने जेमतेम दोन-अडीच सेकंद वाढले.

कारण म्हणून सगळीकडे एकच ओळ मिळते: वाचन वेगवान, रंगाचं नाव सांगणं मंद, म्हणून शब्द आधी पोचून आडवा येतो. कॅटेलने १८८६ मध्येच हा वेगाचा फरक दाखवला होता, त्यामुळे पटतंही.

घोडं पेंड खातंय ते पुढे. मी स्क्रीनवर खाली रंगीत चौकोन ठेवले आणि शब्दाचा अर्थ असेल त्या रंगाच्या चौकोनावर बोट ठेवायला सांगितलं. आता शाईच आडवी येते! शाईशी जुळणारा चौकोन दाखवायचा असेल तर शब्दाचा त्रास जवळपास नाहीच. शब्द तेच, माणसं तीच. वाचन एवढं वेगवान, तर इथे ते मागे का पडतं?

प्रतिसाद १:
शर्यतीची कल्पना सोडा. डनबार आणि मॅक्लिओड यांनी १९८४ मध्ये शब्द उलटेपालटे छापून वाचन इतकं रखडवलं की ते रंग सांगण्यापेक्षाही हळू झालं. तरी शब्दाचा अडथळा उरलाच.
तुम्हाला दिसतोय त्याला उलटा स्ट्रूप परिणाम म्हणतात. डर्जिनचा २००० सालचा निबंध शोधा, मांडणी बरीचशी तुमच्यासारखीच आहे. शाईवरून चौकोन गाठायला फक्त रंगाला रंग जुळवायचा असतो. शब्दावरून गाठायचा तर आधी अर्थ, मग रंग. तोंडी उत्तरात नेमकं उलट, तिथे शब्दाची वाट सरळ. ज्याची वाट सरळ, ते नको असतानाही घुसतं. पडताळायचं असेल तर चौकोनांच्या जागी काळ्या अक्षरांत रंगांची नावं ठेवा. माझ्या अंदाजाने शाई ओळखणं पुन्हा जड जाईल.

धागाकर्ती:
हे करून बघते. पण कोऱ्या बटणांवर उत्तर घेतलं तर? तिथे ना रंग, ना शब्द.

प्रतिसाद १:
तरीही शब्द नडतो, पण तोंडी उत्तराइतका नाही. बटण कुठल्या रंगाचं हे लक्षात ठेवताना लोक मनात रंगाचं नावच घोकतात, असा माझा तर्क. त्यामुळे सरावाच्या फेऱ्या जास्त ठेवा आणि त्यांची वेळ वेगळी नोंदवा.