आधी मंडळी की आधी इमारत? (पुण्याच्या ‘राष्ट्रीय ऑपेरा हाऊस’वरून)

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. मथितार्थ असा: सिडनीला ऑपेरा हाऊस आहे, पॅरिसला आहे, मग सांस्कृतिक राजधानी म्हणवणाऱ्या पुण्याला का नाही? संगीत नाटक हाच ‘आपला ऑपेरा’. तेव्हा जुनं झालेलं बालगंधर्व रंगमंदिर पाडा आणि तिथे राष्ट्रीय ऑपेरा हाऊस बांधा. खाली पार्किंग, वर फूड कोर्ट. पोस्टखाली बावीस अंगठे. तेविसावा माझ्याच्याने देववेना, म्हणून हा धागा.

सिडनीचं आधी. अंदाज ७० लाख डॉलरचा होता, खर्च १० कोटी २० लाखांवर गेला. ज्याने ते कल्पिलं तो उट्झन १९६६ मध्ये वैतागून निघून गेला तो परत फिरकलाच नाही. १९७३ ला उद्घाटन झालं तेव्हा मोठं सभागृह वाद्यवृंदाच्या मैफलींना गेलेलं होतं. ऑपेराला मिळाली धाकटी खोली, त्यात वादकांची जागा अशी की कोपराला कोपर लागावं. आपण फोटोतली ती शिडांसारखी छपरं बघून हरखतो.

दुसरं, ऑपेरा हाऊस म्हणजे इमारत नव्हेच. मिलानचं स्काला किंवा मॉस्कोचं बोल्शोय ही नावाजलेली ऑपेरागृहं म्हणजे कायम पगारावर असलेला वाद्यवृंद, कोरस, शिंपी, रंगारी. आपल्याकडे हे होतं, इमारतच तेवढी नव्हती. ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात लावलं, पुढे मंडळी बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडली. १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्यात तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष. पदरी होते हो, पदरी! आज पुण्यातल्या एका तरी नाट्यगृहाच्या पगारपत्रकावर ऑर्गनवादक दाखवा.

इटलीतही क्रम तोच. पेरीचं ‘युरिदिचे’ हे ऑपेरा फ्लॉरेन्सला १६०० साली झालं. तिकीट काढून कुणालाही जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह व्हेनिसला उघडलं १६३७ मध्ये.

आणि पाडायचं काय, तर बालगंधर्व? ८ ऑक्टोबर १९६२ ला खुद्द नारायणरावांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या हातून कोनशिला बसली. २६ जून १९६८ ला, त्यांच्या ऐंशीव्या जयंतीला, यशवंतराव चव्हाणांनी उद्घाटन केलं. नारायणराव त्याआधीच्या जुलैत गेले होते. पुलंनी ज्या वास्तूत जीव ओतला तिथे म्हणे फूड कोर्ट.

नदीकाठचा_नाना

आलं, पुण्याचं राष्ट्रगीत आलं: ‘हात लावू नका.’

सोयीचा इतिहास सांगू नका. वागनर या जर्मन ऑपेराकाराला हवं तसं नाटक कुठल्याच थिएटरात होईना, म्हणून त्याने बायरॉइथ गावी स्वतःचं बांधलं, १८७६ मध्ये. अख्खा वाद्यवृंद रंगमंचाखाली झाकून टाकला, कारण प्रेक्षकाला सारंगिये-तबलजी दिसायलाच नको होते. काही गोष्टी वास्तूशिवाय होत नाहीत. तुमचं ते लाडकं स्काला २००२ ते २००४ बंद होतं. प्रेक्षागृह जपलं, पण मागचा रंगमंच चक्क पाडून नवा बांधला. मिलानमध्येही तुमच्यासारख्यांनी आरडाओरडा केलाच होता.

माझी आई ८१ वर्षांची. तिचं सगळं आयुष्य नाट्यगीतांत गेलं. एका नाट्यगृहात (नाव घेत नाही, घेतलं तर धागा तिकडेच जाईल) तिला जिना चढवत बाल्कनीत नेली, लिफ्टचं नावच नाही. मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहासमोर मारुतीच्या शेपटासारखी रांग. तुमच्या आयडीतली ती तिसरी घंटा आईने रांगेत उभं राहून ऐकली. त्यानंतर ती कुठल्याही प्रयोगाला गेलेली नाही. जीव ओतलेल्या वास्तू तुम्हाला लखलाभ.

कसब्याची_लेक

तुम्हा दोघांचं चालू द्या, पण ‘आपला ऑपेरा’ हे कुणी ठरवलं? बासुंदीला कस्टर्ड म्हणण्याचा प्रकार आहे हा. ऑपेरात बहुतेक सगळं गातात, आपल्याकडे गद्य बोलता बोलता पद सुरू होतं. तिकडे लिहिलेला सूर बदलायचा नाही, इकडे तेच पद रोज निराळं. तिकडचा वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनी वन्स मोअरवर भडकायचा, आपल्याकडे वन्स मोअर नाही मिळाला तर नट भडकतो. शिवाय किर्लोस्करांना प्रेरणा कुठून मिळाली, तर पुण्यात पारशी कंपनीचं ‘इंद्रसभा’ पाहून. इटलीचा काय संबंध?

आणि ऑपेरा माईकशिवाय गातात! आपल्याकडे हल्ली ‘संगीत सौभद्र’मधल्या सुभद्रेच्या गालाला मस चिकटवल्यासारखा माईक, आणि आवाज रेल्वे स्टेशनचा.

आवाज_कुणाचा

ताई, तो ‘रेल्वे स्टेशनचा आवाज’ मी लावतो. बावीस वर्षं झाली.

माईक नको म्हणणं सोपं आहे. हॉलमध्ये एसी घरघरतोय, तिसऱ्या रांगेत वेफर्सचं पाकीट फुटतंय, कुणाचा तरी मोबाइल आरती म्हणतोय. त्यात तुमची सुभद्रा दिवसभर ऑफिस करून आलेली. रियाज कधी, लोकलमध्ये?

एका गावी सौभद्रचा प्रयोग. बाईंच्या नऊवारीच्या ओच्यात ट्रान्समीटर खोचला होता. ऐन पदात तो घसरला आणि घोट्यावर लोंबायला लागला. बाईंनी पाऊल न हलवता पूर्ण पद म्हटलं. लोकांना वाटलं काय भाव आहे, काय ठहराव आहे! वन्स मोअर आला, पुन्हा तशाच पुतळ्यासारख्या उभ्या. विंगेत मी घामाने निथळत होतो. त्या कंपनीने माझे त्या दिवसाचे पैसे कापले ते कापलेच. तेव्हा साऊंडवाल्याला बोलताना जरा जपून.

कसब्याची_लेक

किस्सा छान, मुद्दा तसाच उभा. ऑपेरावाले साठ-ऐंशी वाद्यांच्या वरून ऐकू जातात, कारण वर्षानुवर्षं घासून त्यांचा आवाज ३००० हर्ट्झच्या आसपास धारदार झालेला असतो. तिथे वाद्यवृंदाचा जोर कमी पडतो. आपल्याला तेवढं करायचीही गरज नव्हती. ऑर्गन, सारंगी, तबला, संपलं. साथ गळ्याच्या मागून चालायची, अंगावर येत नव्हती. तुम्ही लोकांनी ऑर्गनला माईक लावलात, मग तबल्याला लावलात, मग गायिका ऐकू येईना म्हणून तिलाही लावलात. आग लावून बंब बोलवायचा!

आवाज_कुणाचा

तबल्याला माईक तबलजी मागतो! नाही दिला तर ‘मग मी घरी बसतो’ म्हणतो. तुम्ही या एकदा विंगेत, समजवा त्यांना हर्ट्झ.

(ऑर्गनबद्दल म्हणताय ते बरोबर आहे. पण हे मी लिहिलंय हे कुठे बोलू नका.)

रंकाळ्याचा_वारा

चालू द्या तुमचं पुणेकरांचं, माईक हवा का नको. आमचं नाट्यगृहच जळालं भावांनो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ ला पुरं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे गायक-नट केशवरावांच्या नावाचं आमचं केशवराव भोसले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी रस्त्यावर उभा होतो. आसपासची जुनी माणसं लहान पोरांसारखी रडत होती. तिथं कुणी पार्किंगचं नाव काढलं नाही.

आणि माईकचं म्हणाल तर ८ जुलै १९२१, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी दोन मंडळ्यांनी मिळून केलेलं संयुक्त मानापमान. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. हाडवैरी म्हणावा असा दुसऱ्या मंडळीतला स्पर्धक समोर, आणि मध्ये वायर नाही. केशवराव त्याच ऑक्टोबरात गेले, वय ३१.

व्हेनिसचं फेनिचे ऑपेरागृह १९९६ ला जळालं. कामाला उशीर झाला, दंड बसेल म्हणून दोघा इलेक्ट्रिशियननी पेटवलं होतं. गावानं ठरवलं, ‘होतं तसं, होतं तिथं.’ २००३ ला उघडलं. आम्हाला तसंच पाहिजे. पुणेकरांना धडधाकट उभं असलेलं पाडायचंय.

घुंगरू_७७

एक विचारू? राष्ट्रीय ऑपेरा हाऊस झालं की लावणीला तारीख मिळणार का? आठवड्याच्या मधल्या वारी तुमच्या अभिजात नाटकाला पन्नास डोकी येतात तेव्हा भाडं आमच्या लावणीच्या पार्ट्या भरतात. पेटी, ढोलकी, नाच, गाणं, बतावणी सगळं आहे आमच्यात. आम्हाला का नाही कुणी ‘आपला ऑपेरा’ म्हणत?

नदीकाठचा_नाना

लावणीबद्दल आदरच आहे, पण प्रत्येक गोष्टीला आपापली जागा असते.

घुंगरू_७७

जागा दाखवलीत, आभारी आहे. तुमच्या ‘जागे’त एकदा माझ्या बहिणीला मेकअप रूमची किल्ली मिळाली नव्हती, जिन्याखाली साडी नेसली तिने. संगीत नाटकाची मंडळी असती तर?

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

नाना, ते वाक्य मागे घ्या. वय काढायला लावू नका.

बाकी, लिफ्ट द्या. स्वच्छतागृहं दुप्पट करा. मेकअप रूमच्या किल्ल्या खिळ्याला टांगा, जो येईल त्याला मिळोत. रंगमंच जुनाट झाला असेल तर स्कालासारखा मागून नवा करा, हेही दात-ओठ खाऊन मान्य. यातल्या कशासाठी बुलडोझर लागतो ते मात्र सांगा. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. १९११ ला पंचम जॉर्जने उद्घाटन केलं, पुढे तिथे सिनेमे लागले, १९९३ ला कुलूप पडलं. २०१६ ला पुन्हा उघडलं ते दुरुस्त करून.

आणि हो, वाद्यवृंदाचा पगार कुठल्या मजल्यावरून निघणार, फूड कोर्टाच्या की पार्किंगच्या, याचं उत्तर अजून एकाही प्रतिसादात आलेलं नाही.

नदीकाठचा_नाना

वाक्य मागे. घुंगरू, चुकलं माझं. बहिणीलाही सांगा.

मुद्दा मागे घेतलेला नाही.

आवाज_कुणाचा

अवांतर, पण निकड आहे. रविवारी दुपारी सौभद्र आहे आणि आमच्या ऑर्गनवाल्या काकांचं मनगट मोडलंय. अख्ख्या पुण्यात तिघांची नावं निघाली, तिघांच्याही तारखा गेलेल्या. कुणाच्या माहितीत कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मानधन बेताचं, जेवण आणि रिक्षा आमची. ऑर्गनला माईक लावणार नाही, कसब्याच्या ताईंना शब्द देतो.

नदीकाठचा_नाना

माझी आई वाजवते. वय वर सांगितलंच आहे. लिफ्ट आहे का तिथे?