मदत हवी आहे: 'ट्वायलाइट'नंतर काय वाचू?

नारायण धारपांची 'लुचाई' ही रक्तपिपासूंची भयकादंबरी वाचून रात्री दिवा चालू ठेवून झोपणाऱ्यांपैकी मी. त्यामुळे उन्हात चमचमणारा व्हॅम्पायर म्हटल्यावर हसूच आलं होतं. भाचीने स्टेफनी मेयरच्या व्हॅम्पायर-प्रेमकथेचा पहिला भाग, 'ट्वायलाइट', हातात कोंबला आणि आता मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरतेय!

व्हॅम्पायर नायक एडवर्ड निघून गेल्यावर दुसऱ्या भागात, 'न्यू मून'मध्ये, ऑक्टोबर ते जानेवारी, नुसती महिन्यांची नावं असलेली कोरी पानं येतात. तिथे मी गारद. नायिका बेलाचा कधीकधी फार राग येतो, ते सोडा. गोष्ट घडते त्या फोर्क्स गावाचा तो सततचा पाऊस मात्र आपल्या कोकणवाल्यांना ओळखीचा वाटतो.

आता तिसरा भाग 'एक्लिप्स' संपत आलाय. जाणकारांनो, त्यातल्या ब्री टॅनर या पात्रावरची छोटी कादंबरी (२०१०) आत्ताच वाचू की थेट चौथा भाग 'ब्रेकिंग डॉन'? आणि २०२० चं 'मिडनाइट सन' म्हणजे पहिल्याच भागाची गोष्ट एडवर्डच्या तोंडून. सातशेच्या आसपास पानांचा तो ठोकळा विकत घेण्याजोगा आहे का, की लायब्ररीतून आणू?

मराठीत रक्तपिपासूंवर, पण थोडं हळवं असं काही असेल तर तेही सांगा. शेवट कृपया कुणी फोडू नका. भाची आधीच टपून बसलीय.